कारण : पित्त

वत्सलाच्या डाव्या दंडावर एक फिकट चौकोन होता. तीन सेंटिमीटर लांब, दोन सेंटिमीटर रुंद. बाकीचा हात उन्हानं रापलेला आणि तेवढीच जागा गोरी, कोपरे रेखीव. जवळून पाहिलं तर तिथे बारीक ठिपक्यांच्या ओळी दिसत, बारा आडव्या आणि बारा उभ्या. शेवटची आंघोळ घालणाऱ्या बायकांनी पट्टी सोलून ओट्याच्या कडेला ठेवली होती. एकीने ओल्या फडक्याने तो चौकोन पुसून पाहिला. तो जाईना.

कुंदाला ते ठिपके मोजायची गरज नव्हती. एकशे चव्वेचाळीस सुया, प्रत्येक अर्ध्या मिलिमीटरहून थोडी मोठी. पहिली पट्टी दोन वर्षांपूर्वी तिनेच आपल्या नणंदेच्या दंडावर लावली होती. पुढे दर महिन्याला नवी येई, पण जागा तीच.

"वैनी, जीप दारात हुबी होती," शेजारची हौसा सांगत होती. दुपारपासून तिने हे किती जणांना सांगितलं असेल कोण जाणे, पण तिचा आवाज अजून थांबत नव्हता. "माझ्या दिराची. बाजाराला निघाला होता. म्या म्हनलं, ताई, बसा, खाली दवाखान्यात जाऊ. तर मलाच दटावलं. म्हनल्या, पट्टी वाजलीया, आता जागचं हलायचं न्हाई. गाडी हितंच येनार. आपनच समद्यांना शिकवायचं आनि आपनच मोडायचं व्हय?"

"जागचं हलायचं नाही" हे वाक्य कुंदाचं होतं. धामणखोरीच्या अंगणवाडीत सतरंजीवर बसलेल्या साठ बायकांना तिने ते शिकवलं होतं. रुग्णवाहिका पट्टीच्या जागेवर येते; तुम्ही वाटेला लागलात तर चुकामूक होईल. अंगणवाडी सेविका म्हणून वत्सलाने ते वाक्य पुढे बावीस गावांत, घाटमाथ्यावरच्या घराघरांत पोचवलं.

"मग फोनवर ते आलं," हौसा म्हणाली. "म्या पुन्हा म्हनलं, ताई, चला. तर म्हनल्या, अगं, तिकडं डॉक्टरनं बघितलंय की."

वत्सलाचा फोन पट्टीशेजारीच पडला होता. कुंदाने तो उघडला. *आपली नोंद तपासण्यात आली आहे. कारण : पित्त. थंड दूध घ्यावे व विश्रांती घ्यावी.*

दुधाचा पेला उंबऱ्याजवळ होता, अर्धा, वर साय धरलेला.

कुंदाने वेळ पाहिली. पट्टी वाजली दहा बेचाळीसला. उत्तर आलं त्यानंतर सव्वीस सेकंदांनी. सव्वीस सेकंदांत डॉक्टरला चष्मासुद्धा सापडत नाही.

*

त्या पट्टीचं विज्ञान साधं आहे. हृदयाचा स्नायू मरू लागला की त्याच्या पेशी फुटतात आणि ट्रोपोनिन नावाचं प्रथिन बाहेर पडतं. पूर्वी ते पाहायला रक्त काढावं लागे, ते प्रयोगशाळेत जाई, आणि आकडा हाती येईपर्यंत निम्मा स्नायू गेलेला असे. पट्टीच्या सुया रक्तापर्यंत जातच नाहीत. त्या कातडीखालच्या पाण्यासारख्या द्रवात टेकून राहतात आणि दर सहा मिनिटांनी त्यातलं ट्रोपोनिन मोजतात. मूत्रपिंडाच्या जुन्या रोग्याचा आकडाही मोठा असू शकतो, पण तो पठारासारखा सपाट राहतो. झटका आलेल्या माणसाचा आकडा चढत जातो. पित्ताने छातीत कितीही आग पडू दे, हा आकडा जागचा हलत नाही.

कुंदा दळवी जिल्ह्याच्या आपत्कालीन केंद्रात जीवरसायनशास्त्रज्ञ होती, अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर. पट्ट्या बरोबर मोजतात की नाही हे पाहणं तिचं काम. पट्ट्या बरोबर मोजत होत्या. घोडं पुढे पेंड खात होतं.

पहिलं वर्षभर पट्टी वाजली की नोंद डॉक्टरच्या पडद्यावर जाई. चार मिनिटांत त्याने ठरवायचं, गाडी पाठवायची की नोंद बंद करायची. बंद करायची तर कारण द्यावं लागे. कारणांची यादी तयार होती. पित्त, स्नायूदुखी, घबराट, पट्टी सैल. पित्त सगळ्यात वर होतं.

दुसऱ्या वर्षी नोंदी वाढल्या, म्हणून गाळणी आली. कागदोपत्री तिचं नाव लांबलचक होतं. केंद्रात सगळे गाळणीच म्हणत. ती आधीच्या वर्षातले डॉक्टरांचे निर्णय पाहून शिकली आणि नोंदी स्वतःच निवडू लागली. मुलाला पाढे शिकवावेत तसं हे शिकणं असतं. ज्याने शिकवलं त्याची चूकही मूल पाठ करतं. गाळणीला फक्त ट्रोपोनिन दिसत नव्हतं. तिला वय दिसत होतं, बाई की पुरुष ते दिसत होतं, गाव दिसत होतं, गावाचं अंतर दिसत होतं. आणि तिने पाहिलं की घाटावरच्या चाळिशी ओलांडलेल्या बाईची पट्टी वाजली की उत्तर पित्त असतं. आकडा काहीही असो.

गाळणी चुकते आहे हे तिला कोणी सांगायचं? घाटावर घरात मेलेल्या माणसाचं शवविच्छेदन होत नाही. पंचायतीत 'वृद्धापकाळ' किंवा 'अल्प आजार' लिहितात आणि संध्याकाळच्या आत सगळं आटोपतं. गाळणीची चूक सांगायला जी माणसं यायला हवी होती, ती जळून गेली होती.

हे सगळं कुंदाला वत्सलाच्या मृत्यूनंतर समजलं असतं तर बरं झालं असतं.

ते तिला आठ महिन्यांपूर्वीच समजलं होतं.

*

गाळणीच्या नियमपुस्तकात नववा नियम होता. दर महिन्याला रसायनशास्त्रज्ञाने गाळणीचे निकाल पडताळून सही करायची. सही नसेल तर गाळणी बंद आणि प्रत्येक पट्टी थेट रुग्णवाहिकेत वाजणार. कोणा शहाण्या माणसाने तो नियम घातला होता आणि नंतर सगळे तो विसरून गेले होते.

पहिली सही कुंदाने विश्वासाने केली. दुसऱ्या महिन्यात तिने गाळणीला शिकवलेले जुने निर्णय उघडून पाहिले. एका पानावर ती थांबली. अकरा वाजून सेहेचाळीस मिनिटं, बारा सेकंद. त्या एका सेकंदात सतरा माणसांच्या नोंदी बंद झाल्या होत्या आणि सतराही जणांना पित्त झालं होतं. अख्खं पान निवडायचं, यादीतलं पहिलं कारण दाबायचं. तिने पुढची पानं पाहिली. अशी पानं खूप होती. बहुतेकांवर केंद्रप्रमुख डॉ. हर्षद सरनोबत यांचं नाव होतं, आणि त्या वेळेला डॉ. सरनोबत स्वतःच्या खासगी दवाखान्यात असतात हे केंद्रातल्या झाडूवालीलाही ठाऊक होतं.

ती त्यांच्याकडे गेली.

"सर, सतरा नोंदी एका सेकंदात बंद झाल्या आहेत."

"नेटवर्क गेलं असेल. एकदम आल्या असतील."

"आल्या वेगवेगळ्या. बंद एकदम झाल्यात. सगळ्यांचं कारण पित्त."

सरनोबत हसले. हसणं वाईट नव्हतं त्यांचं, पेशंटना आवडे. "कुंदाताई, घाटावरच्या बायका उपास करतात, वर ठेचा खातात, चहावर दिवस काढतात. त्यांना पित्त नाही होणार तर तुम्हाआम्हाला होणार?"

"पित्ताने ट्रोपोनिन वाढत नाही, सर."

"तुम्ही केमिस्ट आहात. आकडा बघता. मी माणूस बघतो."

तो बघितलेला माणूस कुठे आहे, असं विचारायला हवं होतं. तिने विचारलं नाही. मग सरनोबतांनी खरी गोष्ट सांगितली, आणि तीच तिला पुढे आठ महिने पुरली.

"गाळणी बंद केली तर दिवसाला साठ पट्ट्या वाजतील. गाड्या सात. त्यातल्या दोन गॅरेजमध्ये. कुणाकडे पाठवायची आणि कुणाकडे नाही, हे तुम्ही ठरवणार आहात? करा मग सही बंद."

तिने एक टिपण लिहिलं. त्यावर शेरा आला, *पाहिले.* तिने दुसरं लिहिलं, एक्केचाळीस चढत्या आलेखांसह. *पाहिले.* तिसऱ्यावरही तेच. प्रत्येक वेळी तिला वाटे, आपण लिहिलं आहे, आता ते कुणाच्या तरी डोक्यावर आहे. आणि महिनाअखेरीला ती सही करी. पहिली सही अजाणता झाली होती. पुढच्या आठ तिने जाणून केल्या.

*

वत्सलाच्या तेराव्यानंतर दोन दिवसांनी कुंदाचा नवरा दिनकर आगारातून आला तो हात न धुताच खुर्चीत बसला. तो एस.टी.च्या आगारात मेकॅनिक होता. हातांना ऑइल लागलेलं असताना तो घरातल्या कशालाही शिवत नसे. आज त्याने सरळ पाण्याचा तांब्या उचलला.

"अर्ज दिला," तो म्हणाला. "त्या मुजावरवर. ड्रायव्हर आहे तो. एक एक्केचाळीसला पोचला धामणखोरीत. ताई गेली एक अठराला. नळकांड्यात ऑक्सिजनपण नव्हता. सरनोबत डॉक्टर स्वतः म्हणाले, अर्ज द्या, चौकशी लावतो. चांगला माणूस आहे. खुर्ची दिली मला."

कुंदा भाकरी थापत होती.

"आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा," दिनकर म्हणाला. "ताई तेव्हा आठची. मला कडेवर घेऊन शाळेत जायची. मास्तर म्हणायचे, वत्सले, एक तर तू शीक नाहीतर त्याला सांभाळ. ती म्हणायची, दोन्ही करते." त्याने तांब्या खाली ठेवला. "बाई अडीच तास छाती धरून बसली, कुंदे."

"हो."

"तुझी पट्टी बरोबर होती ना?"

"बरोबर होती."

"आणि पित्तच होतं ना ते? आधी पित्त, आणि मग पुढं एकाएकी झालं, असंच ना? डॉक्टर म्हणाले तसं होतं कधी कधी."

तवा तापून धूर येऊ लागला होता.

"हात धुवा," कुंदा म्हणाली. "जेवून घ्या."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी इस्माईल मुजावर केंद्राच्या आवारात गाडी धूत होता. कुंदाला पाहून त्याने नळ बंद केला.

"या मॅडम. मला नोटीस आली. कारण : विलंब." तो फडकं पिळत म्हणाला. "तुमच्या नणंदेला पित्त, मला विलंब. ज्याला त्याला आपापलं कारण वाटून दिलंय बघा. सरकार कुणाला रिकाम्या हातानं पाठवत नाही."

"तुम्हाला किती वाजता कळवलं?"

"बारा पस्तीसला. तेपण पट्टीवरून नाही. त्या शेजारणीनं फोन केला म्हणून. घाटाला सहासष्ट मिनिटं लागली. बेचाळीस वळणं आहेत, एकेक मोजून दाखवतो चौकशीत." त्याने दाराचा आरसा पुसला. "दहा बेचाळीसला सांगितलं असतं तर बारा वाजायच्या आत त्यांच्या अंगणात असतो मी. गाडी इथंच उभी होती. मी त्या चिंचेखाली पेपर वाचत होतो."

"आणि ऑक्सिजन?"

"रिकामा होता. खोटं कशाला बोलू? नळकांडं बदला म्हणून तीन अर्ज दिलेत."

"काय आलं त्यावर?"

"'पाहिले.'"

मुजावरने बादली उपडी केली. पाणी तिच्या चपलांपाशी येऊन थांबलं.

"आमच्या ड्रायव्हर लोकांत एक बोललं जातं," तो तिच्याकडे न पाहता म्हणाला. "गाळणी बंद करायची किल्ली केमिस्टबाईंकडं असते म्हणतात. असेल बुवा. आपल्याला काय कळतं त्यातलं. खरंय का?"

"खरं आहे."

त्याने मान हलवली. त्याच्याकडे इतके टोमणे होते, पण यावर त्याने एकही मारला नाही. तो आत जाऊन बसला आणि त्याने दार ओढून घेतलं.

कुंदा प्रयोगशाळेत आली. वत्सलाची नोंद तिने आजवर उघडली नव्हती. आता उघडली. सकाळी दहाला अठरा. दहा बेचाळीसला एकशे चाळीस. त्या आकड्याला पट्टी वाजली, गाळणीने 'पित्त' म्हटलं आणि नोंद बंद केली. पण नोंद बंद झाली म्हणून पट्टी मोजायची थांबली नव्हती. तिला कुणी सांगितलं नव्हतं थांबायला. दर सहा मिनिटांनी ती आकडा पाठवत राहिली. एकशे नव्वद. दोनशे साठ. चारशे. बारा वाजता सातशे. एक बाई ओट्यावर बसून थंड दूध पीत होती आणि तिच्या दंडावरचं यंत्र दर सहा मिनिटांनी जिल्ह्याला सांगत होतं की ही मरते आहे. एक वाजून अठरा मिनिटांपर्यंत सांगत होतं. ते आकडे आज, सोळा दिवसांनी, पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यांनी वाचले.

साठ पट्ट्या आणि सात गाड्या. कुंदाने तो हिशेब आज कागदावर मांडला. गेल्या नऊ महिन्यांत चढत जाणारे आलेख किती? दिवसाला सरासरी चार. बाकीच्या छप्पन्न पट्ट्या सपाट होत्या. त्या ओळखायला सातवीतलं मूल पुरलं असतं. साठ हा आकडा तिला घाबरवण्यापुरता होता आणि ती आठ महिने घाबरली होती, कारण घाबरणं सोयीचं होतं.

*

चौकशीच्या दिवशी अकराला सरनोबतांनी तिला खोलीत बोलावलं.

"तुमच्या नणंदेचं फार वाईट वाटलं," ते म्हणाले, आणि कदाचित त्यांना खरंच वाटत होतं. मग त्यांनी एक कागद सरकवला. "दहाव्या महिन्याची पडताळणी. चौकशीआधी फाइल पूर्ण हवी. गाळणी आता चार जिल्ह्यांत जाते आहे. तुमचा करारही पुढच्या महिन्यात आहे ना? मी शिफारस करून ठेवली आहे."

तिने कागद घेतला, घडी केली, पर्समध्ये ठेवला. "चौकशीनंतर देते."

"आता दिलीत तर बरं."

"चौकशीनंतर, सर."

सभागृहात पंखे जोरात होते. चौकशीला आलेल्या उपसंचालक लोखंडे मॅडम कागदांवर पेपरवेट ठेवून बसल्या होत्या. डावीकडे मुजावर, इस्त्रीच्या शर्टात. दुसऱ्या रांगेत दिनकर, अर्जदार म्हणून. शेजारी हौसा; तिला साक्षीला आणलं होतं.

मुजावरने वळणं खरंच मोजून सांगितली. लोखंडे मॅडमनी ती लिहून घेतली. मग त्यांनी विचारलं, "दहा बेचाळीसची नोंद कोणत्या डॉक्टरांनी बंद केली?"

"कोणाही डॉक्टरांनी नाही," सरनोबत म्हणाले. चांगली बातमी द्यावी तसे म्हणाले. "मानवी चुकीचा प्रश्नच येत नाही. यंत्रणेने स्वतः वर्गीकरण केलं."

"म्हणजे कुणी पाहिलंच नाही?"

"यंत्रणेने पाहिलं, मॅडम."

"अन् मला वाटलं डॉक्टरनं बघितलंय," हौसा मागून म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं. "ताईंनापन तसंच वाटलं. सायबा, बघत न्हवता तर तसं कळवायचं की. जीप हुती दारात."

"मावशी, शांत बसा."

"सतरा दिस शांतच हाय म्या."

सरनोबतांनी घसा साफ केला. "यंत्रणा प्रमाणित आहे. दर महिन्याला तिची शास्त्रीय पडताळणी होते. त्यामुळे प्रश्न उरतो तो फक्त वाहन उशिरा पोचल्याचा."

"पडताळणी कोण करतं?"

सरनोबतांनी हात पुढे केला, अगदी आदराने. सगळ्या माना कुंदाकडे वळल्या. दिनकरचीही. त्याच्या चेहऱ्यावर थोडा अभिमान होता. बायको एवढ्या मोठ्या कामाची माणूस आहे हे चारचौघांत सांगितलं जात होतं. तिने तो अभिमान पाहिला. मग ती उभी राहिली.

पर्समधून तिने आधी तीन टिपणं काढली आणि टेबलावर ठेवली. त्यांवरचा शेरा वर येईल अशी. त्यांच्या शेजारी सतरा नावांचं पान. शेजारी वत्सलाचा आलेख. शेवटी तो बिनसहीचा पडताळणीचा कागद, घडी उलगडून.

"दळवीबाई, तुम्हाला काय सांगायचं आहे?" लोखंडे मॅडमनी विचारलं.

कुंदाने त्यांच्याकडे पाहिलं नाही. तिला आधी दुसऱ्या कुणाला तरी उत्तर द्यायचं राहिलं होतं.

"अहो," ती दुसऱ्या रांगेकडे वळून म्हणाली, "वन्संना पित्त झालं नव्हतं. एक मिनिटही नव्हतं. त्यांची गाडी मुजावरांनी अडवली नाही. ती मी अडवली, नऊ सह्यांनी, आणि त्यातल्या आठ करताना मला माहीत होतं."

दिनकरचं तोंड किंचित उघडलं. ऑइलचे डाग न गेलेले त्याचे हात गुडघ्यांवर तसेच राहिले. कुंदाने तिथून नजर काढली नाही, सरनोबत "मॅडम, या सध्या मनःस्थितीत नाहीत" असं म्हणू लागले तरीही. मग ती टेबलाकडे वळली. आवाज तिने आलेख वाचून दाखवताना असतो तेवढाच ठेवला.

"नियम नऊप्रमाणे सांगते, लिहून घ्या. दहावी सही मी करत नाही. आधीच्या नऊ मागे घेते. गाळणी या क्षणापासून बंद आहे."